घरून गोधड्या ऑनलाइन विकते. पॅन दिल्याशिवाय विक्रीच्या साइटवाले पैसे सोडत नाहीत. द्यावा का?

हो, द्या. पण फक्त तुमच्या सेलर खात्यात लॉगिन करून. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर कुणी मागितला तर अजिबात नाही. कायद्यानेच मार्केटप्लेसला, म्हणजे त्या विक्रीच्या साइटला, तुमच्या विक्रीवर टीडीएस (पैसे देण्याआधीच कापला जाणारा आयकर) कापावा लागतो. ऑक्टोबर 2024 पासून हा दर 0.1 टक्का आहे, पॅन नसेल तर थेट 5 टक्के. वैयक्तिक विक्रेत्याची वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर काहीच कापत नाहीत. कापलेली रक्कम आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-विवरणात (26एएस) दिसते, रिटर्न भरताना वळती होते. बहुतेकींचं घोडं अडतं ते नावावर: पॅनवर माहेरचं, बँकेत सासरचं. आधी ते जुळवून घ्या. जीएसटीचे नियम मात्र वेगळे आहेत, ते स्वतंत्र तपासा.