पंपिंग ६० टक्के, तरी हृदय ठीक नाही?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे आहेत, १२ वर्षांपासून बीपीच्या गोळ्या चालू आहेत. टूडी इकोत ‘कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, भिंत १३ मिमी, ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन, ईएफ ६० टक्के’ आलं. डिस्चार्ज कार्डावर मात्र फक्त ‘हायपरटेन्शन’. पंपिंग चांगलं म्हणजे हृदय ठीक समजायचं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. ईएफ म्हणजे दर ठोक्याला डाव्या जवनिकेतलं (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्यातलं) किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा. बीपीचा मार आधी बसतो तो स्नायूवर. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून भिंत सगळीकडून जाड होते (कॉन्सेंट्रिक एलव्हीएच), ताठरते आणि मग रक्त भरून घेताना अडखळते (डायस्टॉलिक डिसफंक्शन). पुरुषांत ही भिंत साधारण १० मिमीपर्यंत असते, स्त्रियांत ९. म्हणून १३ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

रिपोर्टमध्ये एलव्ही मास इंडेक्स, म्हणजे शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात डाव्या जवनिकेच्या स्नायूचं वजन, नसेल तर मागून घ्या. उंची आणि वजन नोंदवलेलं असेल तर तो काढता येतो. पुरुषांत ११५, स्त्रियांत ९५ ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या वर गेला की स्नायू वाढल्याचं पक्कं. डाव्या कर्णिकेचं (जवनिकेत रक्त सोडणाऱ्या वरच्या कप्प्याचं) आकारमान ३४ मिली प्रति चौरस मीटरच्या वर असेल, तर भरण्याचा दाब बराच काळ चढा असावा. नुसतं ‘ग्रेड १’, म्हणजे भरण्यातला सौम्य दोष, वयानुसारही दिसतं, त्यावर निदान टांगू नये. ईसीजी नॉर्मल आला म्हणूनही निश्चिंत राहू नका, जाड भिंत त्यात अनेकदा सुटते.

बीपीवर खापर फोडण्याआधी महाधमनीची झडप अरुंद आहे का, हे त्याच इकोत बघतात. भिंत १५ मिमी किंवा जास्त, किंवा भिंत जाड आणि ईसीजीच्या लहरी मात्र बुटक्या, असं असेल तर हृदयाच्या आनुवंशिक स्नायुविकाराचा किंवा अमायलॉइडचा (स्नायूत साचणाऱ्या विकृत प्रथिनाचा) शोध घ्यावा लागतो.

आता कागद. ‘हायपरटेन्शन’ एवढंच लिहिलं की आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला (आयसीडी-१०) कोड पडतो आय१०, म्हणजे कागदोपत्री हृदयाला काहीच झालेलं नाही. निदान पटलं असेल तर डॉक्टरांनी ‘उच्च रक्तदाबामुळे झालेला हृदयविकार’ असं कारणासकट लिहावं. हार्ट फेल्युअर नसेल तर आय११.९, असेल तर आय११.०, मूत्रपिंडही बीपीने बिघडलं असेल तर आय१३. दम लागतो का, पायावर सूज आहे का, याची नोंद म्हणूनच हवी : ईएफ ६० असतानाही हार्ट फेल्युअर होतं. शंका असेल तर एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी मदत करते.

पुढच्या भेटीला इकोची मूळ प्रत आणि घरच्या बीपीची आठवड्याची वही न्या : पाच मिनिटं शांत बसून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजलेली. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त येत असेल तर औषधांचा पुन्हा विचार व्हायलाच हवा. बीपी नीट आटोक्यात राहिलं तर जाड झालेली भिंत काही प्रमाणात ओसरते.