व्हिडिओ कॉलच्या बाहेर बसलेला माणूस

प्रश्न : ताई, मी मूळची सांगलीची, वय 29. सध्या सिडनीत, वेस्टमेडला राहते. मास्टर्स संपत आलंय आणि विद्यार्थी व्हिसा मार्चमध्ये संपतो. गेले 14 महिने मी आणि माझा मित्र एकत्र राहतोय. तो ऑस्ट्रेलियन नागरिक आहे. लग्न करायचंय, पण इतक्यात नाही. घरी अजून काही सांगितलेलं नाही. आईबाबांना वाटतं, मी एका मैत्रिणीबरोबर राहते. भाडेकरार त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, मी दर पंधरवड्याला माझा वाटा त्याच्या खात्यावर टाकते. मध्ये बाबांची बायपास झाली तेव्हा मी तीन महिने सांगलीत होते. लग्न न करता पार्टनर व्हिसा मिळेल का? त्या तीन महिन्यांनी एकत्र राहण्याच्या अटीतलं वर्ष मोडतं का?
– एक वाचक, वेस्टमेड

उत्तर : मिळू शकतो. इथल्या कायद्यात लग्नाशिवाय संसार करणाऱ्या जोडप्याला डी फॅक्टो म्हणतात आणि पार्टनर व्हिसासाठी ते लग्नाच्या जोडप्याइतकंच ग्राह्य असतं. देशात राहून अर्ज केलास की 820 आणि 801 हे दोन्ही व्हिसा एकाच अर्जात मागितले जातात. 820 तात्पुरता. 801 कायमचा, त्याचा विचार साधारणपणे अर्जाच्या तारखेला दोन वर्षं झाली की सुरू होतो. अट अशी, की अर्जाच्या लगेच आधीचे 12 महिने तुम्ही डी फॅक्टो असायला हवं. डेटिंगचे महिने यात धरत नाहीत.

सांगलीच्या तीन महिन्यांची काळजी करू नकोस. कायमचे वेगळे झालेला नसाल तर वर्ष मोडत नाही. पण त्या काळातले तुमचे कॉल, मेसेज, त्याने औषधांसाठी पैसे पाठवले असतील तर ते, आणि जातायेतानाची तिकिटं जपून ठेव. बायपासचं डिस्चार्ज कार्डसुद्धा. का गेलीस, याचं उत्तर त्यात आहे.

मला खरी अडचण दिसते ती तुझ्या पत्रातल्या 'घरी अजून काही सांगितलेलं नाही' या वाक्यात. अधिकारी तुमचं नातं चार बाजूंनी बघतो : पैसा, घर, लोक आणि एकमेकांशी बांधिलकी. त्यातली 'लोक' ही बाजू तू गेले 14 महिने स्वतःच्या हाताने पुसत आली आहेस. आईचा व्हिडिओ कॉल आला की तो दुसऱ्या खोलीत जातो, हो ना? दारातले त्याचे बूट तू पायाने आत सारतेस, फोटो पाठवताना त्याला कापतेस. मला कसं कळलं विचारू नकोस. 2009 साली मीही हेच केलंय, आमचं ठिकाण फक्त पॅरामॅटा होतं. अर्ज करायची वेळ आली तेव्हा आम्हा दोघांचा एकत्र असा एकच धड फोटो निघाला, तोही दुसऱ्याच्या वाढदिवसाचा, केकच्या मागे अर्धे झाकलेले. पुढे मी व्हिसाच्या अर्जांचं हेच काम शिकले, मायग्रेशन एजंट म्हणून नोंदणी केली, आणि आता दर महिन्याला कुणीतरी समोर बसून तसाच फोटो दाखवतं.

मग आता काय? ज्यांना माहीत आहे त्यांच्यापासून सुरुवात कर. तुम्हा दोघांना ओळखणारी, इथली नागरिक किंवा कायमची रहिवासी असलेली किमान दोन माणसं हवीत, ती फॉर्म 888, म्हणजे तुमच्या नात्याचं साक्षीपत्र, भरतील. 'छान जोडपं आहे' एवढ्यावर ती थांबली तर उपयोग नाही. 'गौरीच्या जेवणाला दोघं आली, तो भांडी घासायला उभा राहिला' असं लिहिणारी मैत्रीण दहा प्रशस्तिपत्रांना भारी. तुम्हा दोघांनाही आपापलं निवेदन लिहायचंय : कसे भेटलात, कधी ठरलं, घरात कोण काय करतं. होय, भांडी कोण घासतं हेही. एकमेकांचं बघून लिहू नका. दोन निवेदनं शब्दाला शब्द जुळली की वाचणाऱ्याच्या भुवया वर जातात. घरी का सांगितलं नाही, तेही सरळ लिही. सिडनीच्या कार्यालयाला सांगलीचं घर माहीत नसतं, ते तूच समजावून सांगायचंस.

आता पैसा. तुझं बँकेचं स्टेटमेंट काढ आणि दर पंधरवड्याच्या नोंदीपुढे काय लिहिलंयस ते बघ. 'रेंट' असेल. 14 महिने एकाच माणसाला रेंट देणारी बाई कागदावर त्याची भाडेकरू दिसते, जोडीदार नाही. जुन्या नोंदी बदलता येणार नाहीत, पण भाडेकरारात आजच नाव घालून घे, वीजबिल दोघांच्या नावावर कर, आणि जॉइंट खातं उघडलंत तर त्यातून खरंच किराणा भरा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात उघडलेलं आणि पन्नास डॉलर घेऊन पडून राहिलेलं खातं कुणालाही ओळखू येतं. सुपरमध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तिनिधीत, वारस म्हणून एकमेकांची नावं टाकता येतात, तेही करा.

एक जागा लोक हमखास विसरतात. गेल्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नमध्ये 'स्पाउस'च्या प्रश्नाला काय उत्तर दिलंस? टॅक्सवाल्यांच्या व्याख्येत डी फॅक्टोही स्पाउसच. तू 'नाही' लिहिलं असशील आणि व्हिसाच्या अर्जात त्याच काळात संसार सांगितलास, तर एकाच सरकारला दोन उत्तरं दिल्यासारखं होईल. रिटर्न दुरुस्त करता येतो. अर्जाआधी कर. त्यालाही त्याचा बघायला सांग.

शिवाय न्यू साउथ वेल्समध्ये नात्याची नोंदणी करता येते, जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयातच. तिथे 28 दिवस थांबावं लागतं. नोंदणी झाली की 12 महिन्यांची अट लागू राहत नाही. तुझे महिने भरलेत, तरी कर. तारखेवरून वाद निघालाच तर हाताशी असेल. नातं खरं आहे हे मात्र तरीही दाखवावंच लागतं. लग्न केलंत तरी त्यातून सुटका नाही, म्हणून व्हिसापायी घाईने लग्न उरकू नका.

अर्जाची फी 1 जुलै 2025 ला 9,365 डॉलर झाली, आणि अर्ज नाकारला तर ती परत मिळत नाही. तुझ्या सध्याच्या व्हिसावर 8503 ही अट नाही ना, ते आधी बघ. ती असेल तर इथून अर्जच करता येत नाही. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला तर ब्रिजिंग ए, म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता व्हिसा, मिळतो आणि विद्यार्थी व्हिसा संपला की तो सुरू होतो. तोवर कॉलेज आणि पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा पाळायचीच. ब्रिजिंग ए सुरू झाल्यावर देशाबाहेर गेलीस तर त्याच्यावर परत येता येत नाही. बाबांना पुन्हा काही झालं तर आधी ब्रिजिंग बी (ज्यावर बाहेर जाऊन परत येता येतं तो) काढायचा, मग विमानाचं तिकीट.

शेवटचं, पोलीस क्लिअरन्सचं, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याच्या दाखल्याचं. भारतातलंही प्रमाणपत्र लागेल. त्यासाठी अर्ज केलास की कधी कधी गावच्या पोलीस ठाण्यातून पत्त्यावर चौकशी येते. हवालदार दारात उभा राहून 'तुमची मुलगी तिकडे कायमची राहणार काय?' असं बाबांना विचारणार, आणि बाबांची बायपास झालेली. तो अर्ज भरायच्या आधी घरी फोन कर. त्या कॉलला मित्राला शेजारी बसव.