तेरा दिवसांचं अंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनी सुटका, मग क्रूर खुन्याला फाशी नको म्हणणारे नेमके कुणाच्या बाजूने उभे असतात? आणि माणसाला खरंच मरेपर्यंत आत ठेवायचं असेल, तर ते फाशीपेक्षा निर्दय नाही का? मी तीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली, त्यातली बरीचशी विधी सहाय्याची कामं. फाशी झालेला पक्षकार माझ्या वाट्याला आला नाही, जन्मठेपेचे पुष्कळ आले. मी फाशीच्या विरोधात आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही सावध राहाल.

आधी चौदा वर्षांचं बघू, कारण बहुतेक वाद त्या आकड्यावरच फसतो. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेंनी सर्वोच्च न्यायालयात म्हणणं मांडलं होतं की शिक्षेत मिळालेली सूट (माफी) धरून आपली शिक्षा भरली, आता सोडा. १९६१ साली न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. त्याआधी सोडायचं की नाही हे सरकारने ठरवायचं, कैद्याचा तो हक्क नाही. चौदाचा आकडा आला १९७८ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मधून, आणि तो उलट्या बाजूने आला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारलाही त्या माणसाला सोडता येणार नाही, असं त्या कलमाने सांगितलं. ती किमान मर्यादा आहे, पण चहाच्या टपरीवर ती कमाल झाली. २००८ मध्ये श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन माफीशिवायची, मरेपर्यंतची जन्मठेप दिली. २०१५ मध्ये घटनापीठाने ही वाट मान्य केली. तेव्हा फाशी नाकारली की गुन्हेगार चाळिशीत बाहेर येऊन पानाची टपरी टाकणार, हे चित्र डोक्यातून काढा. आज तुलना आहे ती फाशी आणि कदाचित कधीच न उघडणारं दार यांच्यात.

आता मुख्य गोष्ट.

आपल्याकडे १९७३ च्या संहितेपासून जन्मठेप हा नियम आहे. फाशी द्यायची असेल तर न्यायाधीशाला 'विशेष कारणं' लिहावी लागतात. १९८० च्या बचन सिंग निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फाशीची शिक्षा घटनेत बसते असं म्हटलं. चार विरुद्ध एक असा तो निकाल, न्या. भगवती विरोधात. पण त्या चौघांनीही अट घातली की प्रकरण दुर्मिळातलं दुर्मिळ असावं, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही तपासावा: त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. ऐकायला हे चोख वाटतं. पुढे काय झालं ते बघा.

डिसेंबर १९९५ मध्ये राजस्थानच्या रावजी प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं की गुन्ह्याचं स्वरूप तेवढं महत्त्वाचं, गुन्हेगार नव्हे. हे बचन सिंगच्या सरळ उलट होतं. रावजीला पुढच्याच वर्षी फासावर चढवलं. निकाल मात्र मागे राहिला आणि पुढच्या खटल्यांना आधार म्हणून वापरला जाऊ लागला.

त्यातला एक खटला आपल्या नाशिकचा. जून २००३ मध्ये एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून, बायकांवर अत्याचार. वर्णन वाचवत नाही. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी त्या तिघांचीही शिक्षा वाढवून सहाच्या सहा जणांना फाशी सुनावली. आधारांमध्ये रावजीचा निकाल होता.

१३ मे २००९ रोजी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने बरियार विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सांगितलं की रावजीचा निकाल बचन सिंगकडे दुर्लक्ष करून दिलेला आहे, तो चुकीचा आहे. मध्ये अंतर तेरा दिवसांचं. इमारत एक, कायदा एक, राज्यसुद्धा एकच. बरियारला जन्मठेप झाली. नाशिकचे सहा जण फासाच्या वाटेवर राहिले, कारण त्यांची तारीख आधी लागली होती.

इथपर्यंत हा नुसता कायद्याच्या अर्थाचा घोळ वाटेल. पण २०१० मध्ये त्यांचा पुनर्विलोकन अर्जही, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा असा अर्ज, फेटाळला गेला. तो पुढे पुन्हा ऐकायला घेतला गेला, आणि ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. शिक्षा कमी केली नाही, निर्दोष सोडलं. त्या रात्रीतून वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून दुसरेच चार जण ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. हा कागद पहिल्या दिवसापासून होता, तीन पातळ्यांवरच्या न्यायाधीशांच्या हाताखालून गेला होता. प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षं गेली होती. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, तेही मधल्या काळात उघड झालं होतं.

आपण सगळे कोर्टाच्या उशिराला शिव्या घालतो. मीही घालतो, त्यावर माझा संसार चालला तरी! पण हे सहा जण जिवंत राहिले ते कुणाच्या न्यायबुद्धीमुळे नव्हे, तर गाडा हळू चालतो म्हणून. लोकांना हवी असते तशी 'सहा महिन्यांत फाशी' झाली असती, तर २०१९ चा निकाल वाचायला त्यांच्यापैकी कुणी उरलं नसतं. खरं तर तो निकाल लिहिलाच गेला नसता. मेलेल्या माणसाचा पुनर्विलोकन अर्ज कोण चालवतो?

यावर नेहमीचं उत्तर येतं की हा अपवाद आहे. मग पुण्याचं घ्या. ऑगस्ट १९९४ मध्ये कोथरूडला एकाच घरातल्या सात जणांचे खून झाले. गर्भवती बाई होती, लहान मुलं होती. पुण्यातल्या माझ्या पिढीला ते दिवस अजून आठवतात, दाराला जाळीचा दुसरा दरवाजा बसवायची टूम तेव्हा माझ्या नात्यातल्या दोन-तीन घरांत तरी निघाली. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीला १९९८ मध्ये फाशी झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वय कागदावर विशीतलं लिहिलेलं. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने शाळेच्या दाखल्यावरून मान्य केलं की घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा! इतक्या लहान मुलाला फाशीच काय, तीन वर्षांहून जास्त कोठडीही कायद्याने देता येत नाही. त्याने अठ्ठावीस वर्षं काढली होती, बहुतेक फाशीच्या सावलीत. हा माणूस निर्दोष ठरला नाही हे लक्षात घ्या. चूक फक्त 'भलताच माणूस पकडला' एवढीच नसते. माणूस तोच असतो, पण त्याचं वय, त्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, त्याच्या वकिलाने काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं, यातलं काहीही चुकू शकतं.

वकिलावरून माझीच गोष्ट सांगतो. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं वेगळं ऐकून घ्यावं, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात सकाळी दोषी ठरवायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेवर सुनावणी. माझ्या पहिल्या खुनाच्या खटल्यात मी उभा राहिलो आणि म्हणालो, आरोपी गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, लहान मुलं आहेत, दया व्हावी. खाली बसलो. दोन मिनिटं लागली असतील. त्या माणसाचा बाप कसा मेला, तो कितवीतून शाळा सोडून ऊसतोडीला गेला, यातलं मला काहीही माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. ही वाक्यं मी सीनियरकडून उचलली होती, त्यांनी त्यांच्या सीनियरकडून. जन्मठेप झाली, ती माझ्या युक्तिवादामुळे नक्कीच नाही. त्या दिवशी न्यायाधीशांच्या मनात फाशी असती, तर तिला अडवायला माझ्याकडे एवढंच होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मनोज प्रकरणात सांगितलं की आरोपीची पार्श्वभूमी, तुरुंगातली वागणूक, मानसिक अवस्था यांचे अहवाल खालच्या न्यायालयातच मागवा. चांगलं झालं. त्याआधी ज्यांची सुनावणी दोन मिनिटांत उरकली त्यांचं काय, हे त्यात नाही.

फाशीने गुन्हेगारांना दहशत बसते का, या मुद्द्यावर मी वेळ घालवत नाही. या शतकात देशात प्रत्यक्ष फाशी झालेले आठ जण आहेत: २००४ मध्ये एक, मग कसाब, अफझल, याकूब आणि २०२० मध्ये दिल्लीच्या निर्भया प्रकरणातले चौघे. आठ जणांवरून कुणी काही सिद्ध करू नये, त्या बाजूनेही आणि या बाजूनेही. 'आमच्या करावर पोसायचं का' हेही तसंच. फाशीचा कैदीही पंधरा-वीस वर्षं जेवतोच.

अवघड प्रश्न वेगळा आहे, आणि तो तुम्ही विचारला नसला तरी मी टाळणार नाही. जिथे शंकाच नाही तिथे काय? मी कोल्हापूरकडचा. गावित माय-लेकींनी लहान मुलं पळवली, चोऱ्या करताना ढाल म्हणून वापरली आणि नकोशी झाल्यावर मारली. १९९६ मध्ये त्या पकडल्या गेल्या तेव्हा आमच्याकडे आया पोरांना अंगणात सोडत नव्हत्या. आई शिक्षेआधीच तुरुंगात मेली. दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशी झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. तरी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जाची फाईल सरकारने वर्षानुवर्षं दाबून ठेवली होती. अशा दिरंगाईवरून शिक्षा कमी होऊ शकते हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलंच होतं. इथे माझा 'न्यायालयाची चूक होऊ शकते' हा मुद्दा चालत नाही. या बायका त्याच आहेत, गुन्हा तोच आहे.

मग मी काय म्हणतो? मी म्हणतो की 'जिथे शंकाच नाही' हा कप्पा कायद्याला वेगळा करता येत नाही. २००९ मध्ये नाशिकच्या सहा जणांबद्दलही न्यायालयाला शंका नव्हती. कोथरूडच्या मुलाबद्दल पुण्यात कुणालाच नव्हती. गावित बहिणींसाठी फास ठेवायचा, तर तो त्याच पोलीस ठाण्यांच्या, त्याच पंचनाम्यांच्या आणि माझ्यासारख्या दोन मिनिटांच्या वकिलांच्या हाती राहणार. मला दोघींना वाचवायचं नाही, तो दोर या हातांतून काढून घ्यायचाय. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत मांडलं होतं, आणि २०१५ मध्ये न्या. ए. पी. शहांच्या विधी आयोगाने दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध सोडून ती रद्द करा म्हटलं. तो अपवादही मला पटत नाही, कारण घाईने माणसं पकडली जातात ती अशाच खटल्यांत.

'तुमच्या घरातलं कुणी असतं तर?' असं विचाराल. तर मी फाशी मागितली असती, बहुधा त्याहून वाईट काहीतरी मागितलं असतं. खटल्यावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' असं लिहितात, माझं नाव लिहीत नाहीत, ते बरं आहे.

आता तुमचा दुसरा भाग: मरेपर्यंतचा तुरुंग जास्त क्रूर नाही का? असू शकतो. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करताना म्हटलं की फाशीने पश्चात्तापच संपतो, यांनी जन्मभर पश्चात्ताप करावा. त्याचबरोबर त्यांना पॅरोल, फर्लो (संचित रजा) मिळणार नाही असंही सांगितलं. पहिलं मला पटतं, दुसरं नाही. संचित रजेचे ते थोडे दिवस काढून घेतले, की पश्चात्ताप झाला की नाही हे बघायला जागाच उरत नाही. आपल्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये ती खुली वसाहत काढली. खुनाच्या शिक्षेतले कैदी तिथे बायकापोरांसह राहतात, शेती करतात, कुंपण नसतं. मी एकदा गेलो होतो. एक जण बांधावर बसून पोराचं दप्तर शिवत होता. त्याने काय केलं होतं ते मी विचारलं नाही. सगळ्यांना तिथे पाठवा असं माझं म्हणणं नाही. पण जन्मठेपेत असं काही ठरवायला वाव राहतो: कुणाला कधी, किती, आणि कुणाला कधीच नाही. ते 'कधीच नाही' दर काही वर्षांनी पुन्हा तपासलं जावं, एवढंच.

गावित बहिणींच्या निकालानंतर आमच्या बार रूममध्ये एका ज्येष्ठ वकिलांनी मला टोमणा मारला, 'झालं तुमच्या मनासारखं, आता सोडूनच द्या म्हणा.' दोघींनी सुटकाही मागितली होती, ती न्यायालयाने दिली नाही. तो विषय आता सरकारकडे. उद्या तसा अर्ज आला आणि कुणी माझं मत विचारलं, तर मी विरोधच करेन. त्या वकिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'मग इतकी वर्षं भांडतोयस कशाला?'