लिहिणाऱ्यांची पत्रं : पहिलं प्रकरण सहाव्यांदा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. तो प्रश्न कित्येक वर्षं माझाही होता, म्हणून तो थोडक्यात उरकणं मला जमलं नाही.

प्रश्न : मी सदतीस वर्षांचा आहे. एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करतो. माझे आजोबा जुन्या मध्य प्रदेशाच्या सचिवालयात कारकून होते. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली तेव्हा आमच्या घरात काय घडलं, त्यावर कादंबरी लिहितो आहे. चार वर्षं झाली. पहिली तीन प्रकरणं पाच वेळा लिहिली, आता सहाव्यांदा सुरू आहेत. चौथ्या प्रकरणाला हात घातला की पहिलं कच्चं वाटतं आणि मी मागे येतो. दरम्यान आणखी दोन कादंबऱ्यांचे आराखडे तयार झाले, एकीची तर प्रकरणवार यादीही झाली. बायको विचारते, 'किती पानं झाली?' आकडा दर वेळी तोच. सगळा आराखडा आधी पक्का करावा का? की ही बाजूला ठेवून दुसरी घ्यावी?
— एक वाचक, महाल

उत्तर : दुसरी घेऊ नका. न लिहिलेली कादंबरी नेहमीच देखणी दिसते, कारण तिच्यातल्या माणसांनी अजून तोंड उघडलेलं नसतं. त्या दोन्ही वह्या बायकोच्या हवाली करा आणि ही पूर्ण होईपर्यंत देऊ नको म्हणून सांगा.

मी सत्तावीस वर्षं सीताबर्डीवरच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. माझी पहिली कादंबरी अकरा वर्षं चालली होती, त्यातली पाच वर्षं एकट्या पहिल्या प्रकरणात गेली. सकाळी पाच ते साडेसहा एवढाच वेळ माझा असायचा. त्या दीड तासात मी कालचं वाचायची, लाल पेनानं दुरुस्त करायची आणि मग डबे भरायला उठायची. चूक दिसली की पुढे जायचं नाही, ही माझ्या पोटापाण्याची सवय होती. प्रुफं वाचताना ती सोन्यासारखी. लिहिताना तिनं माझं फार नुकसान केलं.

त्यातून मला सोडवलं ते पाठकोऱ्या कागदांनी. छापखान्यात प्रुफांचे पाठकोरे कागद रद्दीत जात. मालकांना विचारून मी एक गठ्ठा घरी आणला. एका बाजूला कुणाची लग्नपत्रिका, पंचायत समितीची निविदा, दहावीचं गाईड. दुसऱ्या बाजूला माझी कादंबरी. अशा कागदावर अक्षर वळणदार काढावंसं वाटत नाही. वाक्य वाकडं आलं तरी जीव कासावीस होत नाही, कागद तसाही रद्दीचाच. शिवाय लिहिलेलं पान गठ्ठ्यावर उपडं ठेवलं की वर निविदा दिसते, आपलं वाक्य दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाचायला समोर काही नसायचं, म्हणून पुढचं लिहावं लागायचं. चौदा महिन्यांत मी शेवटच्या पानावर पोचले.

शेवट लिहिला त्या दिवशी कळलं, माझं पहिलं प्रकरण हे पहिलं नव्हतंच. मी सुरुवात केली होती वाड्याच्या वर्णनानं : ओसरी, तुळस, विहीर. गोष्ट सुरू होत होती थोरली सून कुणालाही न विचारता विहिरीचा रहाट विकते तिथून, आणि ते होतं चौथं प्रकरण. पाच वर्षं घासूनपुसून लख्ख केलेली एकवीस पानं मी काढून टाकली. ती वाईट नव्हती, या गोष्टीची नव्हती. आणि शेवट हाती येईपर्यंत हे मला कुणीही सांगू शकलं नसतं.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. आजोबांनी पुढे काय केलं, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. ते भोपाळला गेले? मुंबईला गेले? की नोकरीवर पाणी सोडून महालातच राहिले? मला वाटतं, पहिलं प्रकरण तुम्हाला सहा-सहा वेळा लिहावं लागतं ते यामुळे. आजोबा भोपाळला जाणार असतील तर पहिल्याच पानावर पलंगाखालची ट्रंक दिसायला हवी. जाणार नसतील तर त्याच ट्रंकेत आजीनं गोधड्या भरून ठेवलेल्या असतील. शेवट कच्चा का असेना, आधी लिहून काढा, मग मागे या.

आराखड्याचं म्हणाल तर जरूर करा, पण तारखांचा करा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसरा होता आणि तो रविवार होता, त्यामुळे आजोबांना त्या दिवशी कचेरीत पाठवू नका. त्याच दिवशी डॉ. आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना दिली. शहरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटली होती. तुमच्या आजीला ती खिडकीतून दिसली असतील किंवा नसतील, पण त्या दिवसाचं प्रकरण लिहायचं तर घरात काहीतरी बोलणं व्हायलाच हवं. तिथून अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, गुरुवारी, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूर राजधानी राहिलं नाही. त्याच आठवड्यात दिवाळी. एकीकडे चकलीचं भाजणीचं पीठ, दुसरीकडे बदलीचा कागद. तुम्हाला कल्पनेनं काही जमवावं लागणार नाही, पंचांगानं सगळं जमवून ठेवलं आहे. आणि पैशाचा हिशेब आण्यांत ठेवा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. हिशेबनीस माणसाच्या कादंबरीत ही चूक फार बोचेल.

तारखांवर मी इतका भर देते त्याला कारण आहे. माझ्या कादंबरीत मारबतीच्या रात्री दोन माणसं टिपूर चांदण्यात गच्चीवर बोलत बसली होती. ते मी चार वेळा वाचलं, छापखान्यातल्या दोघांनी वाचलं. पुस्तक निघाल्यावर इतवारीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं पोस्टकार्ड आलं : 'बाई, पोळा अमावस्येला असतो. मारबत दुसऱ्या दिवशी. चंद्र कुठून आणला?' ते कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे. जन्म नागपुरात गेला, दर वर्षी काळी-पिवळी मारबत पाहिली, तरी लिहिताना डोळ्यांपुढे चांदणंच आलं.

लिहिता लिहिता मागचं काही खटकलं तर वेगळ्या वहीत एक ओळ टाका. 'प्र. १ : आजोबांचा चष्मा नको.' एवढंच. प्रकरण उघडायचं नाही. नोकरीमुळे वेळ नाही असं तुम्ही म्हटलेलं नाही, याचं मला बरं वाटलं. याच शहरात माडखोलकरांनी 'तरुण भारत'सारख्या दैनिकाचं संपादकपद सांभाळून कादंबऱ्या लिहिल्या. रोज एक पाठकोरं पान लिहिलंत तर पुढच्या उन्हाळ्याआधी शेवट हाती येईल. तेव्हा बायकोला आकडा सांगा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. माझ्या कादंबरीतली माणसं 'काहून', 'येऊन राहिला', 'पोट्टे' असं बोलतात. पुण्याची भाची म्हणते, हे सगळं प्रमाण भाषेत कर, नाहीतर तिकडच्या वाचकाला कळणार नाही. तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत हेच शब्द खोडले. आता काय करू?
— नंदनवन

उत्तर : बाई, खोडू नका. 'येऊन राहिला' हे 'येतोय'चं बिघडलेलं रूप नाही. आपल्याकडे क्रिया चालू असल्याचं असंच सांगतात. शेजारच्या हिंदीतही ठेवण तीच आहे, आणि हा मुलूख किती वर्षं हिंदी बोलणाऱ्या मुलखाबरोबर एका राज्यात होता. पुण्याच्या वाचकाला दोन पानांत सवय होते. त्याला अडतो तो अर्थ, उच्चार नव्हे.

माझी काळजी वेगळी आहे. तुमची सगळीच माणसं सारखं बोलत असतील तर ते खोटं वाटेल. गोळीबार चौकातला विणकर, इतवारीतला किराणा दुकानदार, महालातली सोवळ्याची आजी, बदलीवर आलेला साताऱ्याचा साहेब, या चौघांचं नागपूर एक नाही. शिवाय एकच माणूस दिवसभरात दोन-तीन भाषा बोलतो. घरी 'काहून गा' म्हणणारा बाप बँकेत मॅनेजरसमोर 'का बरं साहेब' म्हणतो, आणि मुलगी ते ऐकते. त्या एका वाक्यात बापाचं सगळं ओझं येतं. सगळी बोली प्रमाण केलीत तर हा प्रसंगच हातातून जाईल.

आणखी एक करून पाहा. संवाद मोठ्यानं वाचा, आणि ऐकायला असं माणूस बसवा जे तुमचं कौतुक करणार नाही. माझ्या सासूबाईंना शेवटी शेवटी दिसत नव्हतं. दुपारी त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या आणि मी वाचायची. गोष्ट रंगली की त्यांचा हात थांबायचा, शेंग चिमटीत तशीच राहायची. मी पेन्सिलीनं समासात बारीक टिंब करायची. हात भराभर चालायला लागला की समजायचं, इथं पानं जड झालीत. एकदा बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, 'ते पोट्टं मेलं कवा मंग? मांगं तर न्हाऊन राहिलं होतं.' खरंच होतं. मुलगा बाराव्या प्रकरणात तापानं गेला असं सगळे म्हणत होते आणि त्याचं मरण मी लिहायचीच विसरले होते. असा कान कुठल्या शिबिरात मिळत नाही.

लेखन मात्र एकसारखं ठेवा. 'काहून' की 'काऊन', 'मांगं' की 'मागं', एकदा ठरवा आणि वहीच्या शेवटच्या पानावर यादी करा. ती यादी मुद्रितशोधकाला द्या, नाहीतर तो बिचारा प्रत्येक शब्द शुद्ध करून टाकेल. मी स्वतः असे कितीतरी शब्द शुद्ध केले आहेत, आणि त्यातल्या काही लेखकांची माफी मागायची माझी राहून गेली.

प्रश्न : एका प्रकाशकांनी माझी कादंबरी छापायला पैसे मागितले आहेत. कराराचा कागद एकच पान आहे, त्यात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असं आहे. सही करावी का?
— मनीषनगर

उत्तर : आज करू नका. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, अनेक चांगली पुस्तकं तशी निघाली. पण पैसे तुमचे आणि हक्कही त्यांचे, हे मला पटत नाही. कादंबरी लिहून झाली त्याच क्षणी तिचा हक्क तुमचा झाला, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. तुमच्यामागे तो तुमच्या मुलांचा आहे, इतका लांबचा विचार सही करताना करा. हक्क दिल्याच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर आपला कायदा ती पाच वर्षांची धरतो. तरीही मुदत लिहूनच घ्या. किती प्रती छापणार, उरलेल्या कुणाच्या, दुसऱ्या आवृत्तीचं काय, अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे, हे सगळं कागदावर हवं. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी काही न विचारता सही केली. प्रती किती निघाल्या हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा ओळखीच्या वकिलाला कागद दाखवा. त्याची फी पुस्तकाच्या खर्चातच धरा.

प्रश्न : मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. वसतिगृहात राहते. परीक्षेनंतर सुट्टीत घरी न जाता कादंबरी पूर्ण केली, २१२ पानं झाली. परवा रात्री दोन वाजता शेवटची ओळ लिहिली. लगेच पाठवू का कुठे? मैत्रिणी म्हणतात, पाठव. झोप लागत नाही.
— काटोल रोड

उत्तर : तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. नागपूरच्या मे महिन्यात, वसतिगृहाच्या कूलरच्या घरघरीत २१२ पानं! वरच्या महालच्या काकांनी हे पत्र वाचावं असं मला मनापासून वाटतं.

पाठवू नकोस, अजून नाही. सगळी पानं छापून घे, दोरीनं बांध आणि घरी जाशील तेव्हा आईच्या कपाटात ठेव. संगणकावरची प्रतही उघडायची नाही. आत्ता तुला प्रत्येक वाक्य ऐकू येतं ते तुझ्या डोक्यातल्या आवाजात. तो आवाज विरायला दोन-अडीच महिने लागतात. तोवर वाच. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे, तिथे जा. तुझ्या विषयाच्या जवळपासचं नको, लांबचं वाच.

पोळा झाला की गठ्ठा सोड. एका बैठकीत, फार तर दोन, सगळं वाचून काढ. हातात पेन नको, फक्त पेन्सिल. काहीही दुरुस्त करायचं नाही. जिथे तुलाच कंटाळा आला तिथे समासात उभी रेघ, जिथे काही कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. बहुतेकांच्या बाबतीत पहिली रेघ तिसाव्या-चाळिसाव्या पानाच्या आत येते, आणि गोष्ट खरी कुठून सुरू होते ते तिथेच कुठेतरी सापडतं. तुझं वेगळंही निघेल.

वाचून झालं की मला पुन्हा पत्र लिही. कादंबरी पाठवू नकोस, फक्त पहिली रेघ कितव्या पानावर आली आणि त्या पानावर कोण बोलत होतं, तेवढं कळव.