नवरात्राच्या ताटाबद्दल तुला

प्रिय चिऊ,

नवरात्रात जेवताना तू मला जे विचारलेस, त्याचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा लिहून द्यावे असे मला वाटले, कारण बोलताना मी एक तर फार समजावत बसते किंवा दुखावले जाते. इथे अमेरिकेत तुमच्या शाळेत सध्या हिस्पॅनिक आणि लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडच्या लोकांच्या वारशाचा महिना साजरा होत आहे. कोणते पीक मूळचे कुठले, याचा नकाशा तुम्ही काढलात आणि मूळच्या मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या असलेल्या तुझ्या मैत्रिणीच्या आजींनी वर्गात येऊन मका आणि राजगिरा यांविषयी सांगितले. त्याच संध्याकाळी माझ्या ताटाकडे बघून तू म्हणालीस, "आई, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची, राजगिरा, हे सगळं त्यांच्याकडचं आहे. मग हा आपला उपवास कसा? आणि आपण त्यांचं नाव कधीच का घेत नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते. दुसरा प्रश्न मला लागला, कारण त्यात तू काहीही चुकीचे बोलली नव्हतीस.

तुमचा नकाशा खरा आहे. शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला, बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची, आणि रताळेही त्याच खंडांतले. पोर्तुगीजांच्या जहाजांमधून यातले बरेचसे सोळाव्या शतकापासून गोव्याच्या वाटेने आपल्याकडे पोहोचले. ज्ञानेश्वरांच्या काळी पंढरीची वाट चालणाऱ्या एकाही वारकऱ्याने मिरची चाखली नव्हती. साबुदाणा तर याहून नवा आहे. त्या कंदापासून तो तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होऊ लागला तो मागच्या शतकाच्या चाळिशीत, म्हणजे माईआजी लहान असताना. वरीचे तांदूळ आणि शिंगाडा तेवढे आपल्याकडचे जुने, आणि ते तुला आवडत नाहीत.

तरीही माईआजीच्या स्वयंपाकघरात या गोष्टी परक्या आहेत असे मला कधी वाटले नाही. कराडजवळच्या आपल्या घरी एकादशीच्या सकाळी ती दाणे मंद आचेवर भाजायची, सुपात घेऊन त्यांची टरफले पाखडायची आणि खलबत्त्यात कूट करायची. मिक्सर आल्यावरही उपवासाचे कूट तिने खलबत्त्यातच केले. उपवासाला हळद चालत नसे आणि हिंग चालत नसे. जिरे आमच्याकडे चालायचे, पण अक्काआत्याच्या सासरी चालत नसे, आणि कोथिंबिरीवरून या दोघींचा दर आषाढीला वाद व्हायचा. मिरची चालते आणि टोमॅटो चालत नाही, याचे कारण मी एकदा विचारले होते. "आपल्यात नाही चालत," एवढेच उत्तर मिळाले. मिरची आणि टोमॅटो एकाच खंडातून आले हे तिला माहीत नव्हते, आणि माहीत असते तरी तिने नियम बदलला नसता असे मला वाटते. तिचा उपवास धान्य सोडण्याचा होता आणि जे उरे त्यात घरातल्या माणसांची सोय बघण्याचा होता. म्हणून मी त्याला आपला म्हणते. हे उत्तर पुरेसे आहे की नाही, याची मला आता तितकी खात्री राहिलेली नाही, पण माझ्याकडे आहे ते हेच.

आता नाव घेण्याविषयी. या पिकांच्या मागे शेकडो पिढ्यांची मेहनत आहे. दक्षिण मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी सुमारे 9000 वर्षांपूर्वी एका रानगवताची, ज्याला मोजके कडक दाणे धरत, निवड करत करत त्यातून मका घडवला. स्पॅनिश लोक तिथे पोहोचले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, म्हणून वारशाच्या महिन्यात नुसते स्पॅनिश भाषेचे कौतुक करून भागत नाही. ओआहाकातल्या कितीतरी घरांत आजही झापोतेक आणि मिश्तेक भाषा बोलतात. राजगिऱ्याचे तर आणखी वेगळे आहे. मेक्सिकोत तो देवाच्या नैवेद्याचा होता, त्याच्या पिठाच्या मूर्ती करत, आणि म्हणूनच नव्या स्पॅनिश राज्यकर्त्यांनी त्या पूजेबरोबर तोही दडपला. तिथल्या गावांनी तो तरीही राखला. फुलवलेला राजगिरा मधात किंवा पाकात घालून त्याच्या वड्या तिकडे आजही करतात, त्यांना अलेग्रिया म्हणतात. त्यांचा फोटो तू मला दाखवलास, तेव्हा मला माईआजीचा राजगिऱ्याच्या लाडवांचा डबाच आठवला. घटावर आपण जी झेंडूची माळ सोडतो, तो झेंडूही मेक्सिकोचाच आहे आणि 1 आणि 2 नोव्हेंबरला तुझ्या मैत्रिणीच्या घरी पूर्वजांच्या तसबिरींसमोर तोच ठेवतात.

आपल्यापैकी एका माणसाने मात्र ही ओळख फार पूर्वी ठेवली होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी देश सोडून गेले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि इंग्रज राज्य उलथण्यासाठी परदेशातल्या भारतीयांनी उभारलेल्या गदर चळवळीत उतरले. भारतात परतणे शक्य नव्हते तेव्हा, 1924 साली, ते मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी शिकवले, मका आणि गहू यांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना सगळ्यांना भाकरी वाटणाऱ्या माणसाच्या रूपात रंगवले. ज्या देशाने आसरा दिला त्याच्या मातीत त्यांनी आपले शिक्षण खर्ची घातले. 1967 साली नागपूरला त्यांचे निधन झाले.

पण चिऊ, हा महिना केवळ जुन्या पिकांचा नाही. 1968 मध्ये तो आठवडा म्हणून सुरू झाला, 1988 मध्ये महिना झाला, आणि आपण राहतो त्या कॅलिफोर्नियात तो ज्यांच्या नावाने साजरा होतो ती माणसे आपल्याला रोज दिसतात. फ्रेस्नोकडे जाताना द्राक्षांच्या आणि भाज्यांच्या रानात वाकलेली माणसे दिसली की मला आमच्या शिवारातली भुईमुगाची काढणी आठवते. उन्हात दिवसभर वेल उपटून शेंगा तोडणाऱ्या बायका संध्याकाळी आपापला वाटा पदरात घेऊन जायच्या आणि उठताना कमरेवर हात ठेवायच्या. त्यांच्या हातच्या शेंगांचे कूट आमच्या उपवासाला असायचे, पण त्यांचीही नावे एकादशीच्या दिवशी आमच्या घरी कोणी घेत नसे. इथल्या शेतमजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने तासन्‌तास वाकून काम करावे लागे. त्यांच्या पाठी मोडायच्या, आणि 1975 साली कॅलिफोर्नियात त्या अवजारावर बंदी आली ती लढल्यामुळे आली. डोलोरेस वेर्ता यांचे नाव तू वर्गात ऐकले असशील. त्या शिक्षिका होत्या. वर्गात उपाशी आणि अनवाणी येणारी शेतमजुरांची मुले बघून त्यांनी नोकरी सोडली आणि 1962 मध्ये मजुरांचे नेते सेझार चावेझ यांच्यासोबत मजुरांची संघटना उभी केली. 1965 साली कॅलिफोर्नियातल्याच डेलानोला द्राक्षमळ्यांत संप पुकारला तो आधी लॅरी इट्लिओंग यांच्या फिलिपिनो मजुरांनी, आणि 16 सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. 1970 साली मळेवाल्यांना करार करावे लागले, तोवर देशभरातल्या घरांनी ती द्राक्षे विकत घेणे सोडले होते. ते सोडणेही मला एक प्रकारचे व्रतच वाटते.

तू उपवास कर असे मी म्हणत नाही आणि तू केला नाहीस तर मला वाईटही वाटणार नाही. थोडे वाटेल, पण ते तुझ्या माथी मारणार नाही. वर्गात खानखोजे यांच्याविषयी सांगावेसे वाटले तर जरूर सांग, फक्त त्यांच्या आडून आपला मोठेपणा सांगू नकोस, कारण त्या तासाचा मान ओआहाकाच्या शेतकऱ्यांचा आहे. आणि दसऱ्याला तुझ्या मैत्रिणीला व तिच्या आजींना आपल्याकडे जेवायला बोलवावे असे माझ्या मनात आहे. राजगिऱ्याचे लाडू मी करीन. त्यांना गूळ चालतो का, तेवढे मात्र तू विचारून ठेव.

तुझी,
आई