नवऱ्याच्या बाईक क्लबचा मेळावा साउथ डकोटातल्या स्टर्जिस बाईक रॅलीच्या आठवड्यात आहे. त्यातच तिथले ब्लॅक हिल्स डोंगर बघून होतील, की तो क्लबमध्ये आणि मी हॉटेलात?

बघून होतील, पण "मेळाव्यातून वेळ मिळेल तसं फिरू" असं तुमचे मिस्टर म्हणत असतील तर अजिबात ऐकू नका, तो वेळ मिळत नाही. आम्ही दोनदा गेलोय, दोन्ही वेळा मी मागच्या सीटवर, आणि पहिल्या वेळी हाच घोळ घातला होता. आधी क्लब, मग उरेल त्यात फिरणं. सहा दिवसांत मी माउंट रशमोरच्या डोंगरात कोरलेले चार प्रेसिडेंट बघितले ते भर दुपारी पार्किंगच्या रांगेत भाजून निघाल्यावर वीस मिनिटं, बाकी वेळ कुणाच्या सायलेन्सरचा आवाज कसा गोड आहे त्यावरची चर्चा ऐकत उभी.

मुळात गर्दीचा अंदाज घ्या. 1938 साली जॅकपाइन जिप्सीज नावाच्या लोकल क्लबने नऊ रेसर घेऊन हे सुरू केलं, आणि 2015 ला 75वी रॅली झाली तेव्हा सात लाखांवर माणसं आली. गावाची वस्ती किती, तर साधारण सात हजार! त्यामुळे त्या दहा दिवसांत स्टर्जिसमधून बाहेर पडायलाच जीव जातो. एक्झिटला फर्स्ट गिअरमध्ये, क्लच धरून, खालून इंजिनची धग, वरून ऑगस्टचं ऊन आणि मागे आपण, हे रोज दोनदा केलं की संध्याकाळी कुणीही "उद्या धबधबा बघायला जाऊ" म्हणत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी उलटं केलं. विमानाने डेन्व्हर, तिथून भाड्याची टूरिंग बाईक, साधारण 400 मैल, आणि रॅली सुरू व्हायच्या तीन दिवस आधी पोचलो. स्टर्जिसला न राहता कस्टर गावात राहिलो. तिथून डोंगरातले रस्ते अगदी दारात आहेत, स्टर्जिस तास-दीड तासावर. तीन दिवस फक्त फिरलो, मग सामान उचलून क्लबच्या कॅम्पवर. तोपर्यंत माझं बघायचं ते बघून झालेलं, त्यामुळे मीही खुशीत आणि नवऱ्याच्या डोक्यालाही ताप नाही.

आता काय बघायचं, तर माझ्या मते सगळ्यात भारी आयर्न माउंटन रोड. फक्त 17 मैल, पण 314 वळणं, आणि लाकडी पूल असे की रस्ता स्वतःभोवतीच गोल फिरून वर चढतो. यात दिशा महत्त्वाची, हे आम्हाला पहिल्या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं. कस्टर स्टेट पार्कच्या बाजूने रशमोरकडे जा. बोगद्यातून जाताना समोरच्या तोंडातून रशमोरचे चेहरे फ्रेममध्ये लावल्यासारखे दिसतात, उलट्या दिशेने गेलात तर सगळं पाठीमागे राहतं. मागे बसलेल्याची इथे चंगळ असते कारण चालवणाऱ्याला वळणापलीकडे काहीच बघता येत नाही, आमचा नवरा अजून माझ्या व्हिडिओवर समाधान मानतो.

नीडल्स हायवे सकाळी सहाला गाठा, उशीर नको. तिथला नीडल्स आय बोगदा फक्त आठ फूट रुंद आहे, एका वेळी एकच गाडी जाते. आम्ही पोचलो तेव्हा समोरून एक बस येत होती, ड्रायव्हर इंच इंच सरकत होता आणि दोन्ही बाजूंना दगड आरशाला लागतो की काय असं वाटत होतं, बाहेर उभे सगळे बाईकवाले इंजिन बंद करून चिडीचूप. बस बाहेर आली तेव्हा टाळ्या पडल्या.

कस्टर पार्कातच वाइल्डलाइफ लूप आहे, 18 मैलांचा. बायसनचा कळप रस्त्यावर आला तर शहाणपणा करून पुढे घुसू नका, एखाद्या कारच्या मागे थांबा. एक बैल आमच्यापासून चार-पाच हातांवरून गेला, त्याच्या नाकातला फुर्र आवाज हेल्मेटमधून ऐकू आला, मी नवऱ्याचं जॅकेट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखली. कारमधून हे बघणं वेगळं आणि पाय उघडे टाकून बसलेलं असताना वेगळं.

डेव्हिल्स टॉवर हा उंच सुळका शेजारच्या वायोमिंगमध्ये, स्टर्जिसहून साधारण 80 मैल, त्याला अख्खा दिवस द्या. अमेरिकेचं पहिलं नॅशनल मॉन्युमेंट, 1906 चं. खालून 1.3 मैलांची पायवाट आहे त्याच्याभोवती, आणि मी ती रायडिंग बूट घालून चालले, दोन्ही टाचांना फोड. हलके बूट बॅगेत टाकाच. बॅडलँड्सच्या उघड्याबोडक्या, झिजलेल्या टेकड्यांत सावली नावाला नाही, ते पहाटे करा नाहीतर सोडून द्या.

पिलियन, म्हणजे मागे बसणारी, म्हणून दोनतीन गोष्टी. टाकी दीडशे मैल चालत असेल पण आपली कंबर साठ-सत्तर मैलच चालते, थांबे त्या हिशोबाने ठरवा आणि हे निघायच्या आधीच बोलून घ्या, रस्त्यात बोललं की भांडण होतं. दोघं आणि सामान असताना मागच्या टायरची हवा आणि सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) मॅन्युअल बघून वाढवायला लावा, आमच्या बाईकचा हेडलाइट पहिल्या रात्री झाडांचे शेंडे दाखवत होता. कॅम्पवर साइड स्टँडखाली ठेवायला चपटा तुकडा हवाच, पाऊस पडला की गवतात स्टँड रुततो आणि बाईक आडवी. आणि दुपारी तिथे अचानक गारा पडतात, आम्ही पेट्रोल पंपाच्या छपराखाली तासभर वीस अनोळखी लोकांबरोबर उभे होतो. साउथ डकोटात मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, डोळ्यांना मात्र काहीतरी लावावंच लागतं. कितीतरी लोक नुसता रुमाल बांधून फिरतात, तुम्ही नका त्यांच्या नादी लागू.

मेळाव्याचे दिवस कंटाळवाणे जातील असं समजू नका. मेन स्ट्रीटवर कारना बंदी असते, रस्त्याच्या मधोमध आणि दोन्ही कडांना नुसत्या बाईकच्या रांगा, एक संध्याकाळ तिथे मजेत जाते. दुसरी संध्याकाळ नाही जात. नवऱ्याची क्लबची मीटिंग होती त्या सकाळी मी क्लबमधल्याच एका बाईच्या मागे बसून स्पिअरफिश कॅन्यनला गेले, ब्राइडल व्हेल धबधबा रस्त्यावरूनच दिसतो, आणि ती नवऱ्यापेक्षा छान चालवते हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

हॉटेल आजच बघा, त्या आठवड्यातल्या खोल्या वर्षभर आधी जातात आणि भाव विचारू नका.

शेवटच्या रात्रीच्या जेवणाला चांगले कपडे न्यायचे का विचारलंय तुम्ही. मी एक ड्रेस टीशर्टमध्ये गुंडाळून 400 मैल नेला होता. सगळे लेदरच्या बंड्या घालूनच जेवायला बसले होते.