ओढ्यातले किडे बघून पाणी स्वच्छ आहे की नाही ते कळतं का?

तुमच्या गावाजवळच्या ओढ्याचं पाणी दिसायला नितळ आहे, पण वरच्या अंगाला वस्ती वाढली आहे. प्रयोगशाळेत न जाता त्यातल्या किड्यांवरून पाण्याची अवस्था कळेल का, आणि कोणते किडे शोधायचे, असा तुमचा प्रश्न आहे.

कळते. काही बाबतींत तर बाटलीत भरून नेलेल्या नमुन्यापेक्षा जास्त कळते. बाटली फक्त ती भरली त्या वेळचं पाणी दाखवते. रात्री कोणी मैला सोडला असेल तर सकाळपर्यंत ते पाणी पुढे गेलेलं असतं. दगडाखालचं किड्याचं पिल्लू मात्र कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने, त्याच पट्ट्यात वाढत असतं. मधे एकदा जरी पाण्यातला प्राणवायू संपला असता तरी ते तिथे दिसलं नसतं.

मी पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या बाजूचे ओढे बघत असतो, म्हणून तिकडचंच सांगतो. आधी जागा नीट निवडा. डोहात नको, जिथे पाणी दगडांवरून खळाळतं तिथे बघा. नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस सगळ्यात चांगले. भर पावसात पूर किडे वाहून नेतो आणि उन्हाळ्यात निम्मे ओढे आटलेले असतात. शिवाय 20 अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. म्हणजे मे महिन्यातल्या ओढ्यात किडे कमी दिसले तर त्याचा दोष सांडपाण्याला देता येत नाही.

पिठाची जुनी चाळणी पाणी वाहत जातं त्या अंगाला, दगडाला लागून धरा, दगड हलवा, उचला आणि त्याची खालची बाजू मऊ ब्रशने पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात झाडा. मिनिटभर काही करू नका. मग सगळं हलायला लागतं.

मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय हे तीन कीटक लहानपणी पाण्यात वाढतात आणि मोठे झाले की उडतात. पहिल्यांदा शोधायची ती मेफ्लायची पिल्लं. पोटाच्या दोन्ही कडांना बारीक पानांसारखे कल्ले असतात आणि ते सतत फडफडत असतात. शेपट्या बहुधा तीन, पण काहींना दोनच, त्यामुळे नुसत्या शेपट्या मोजून ठरवू नका. भिंगातून पाय बघा: मेफ्लायच्या प्रत्येक पायाला एकच नखी, स्टोनफ्लायच्या पायाला दोन. स्टोनफ्लायला शेपट्या दोनच आणि पोटाच्या कडेला ती पानं नसतात. आपल्याकडच्या स्टोनफ्लायचे कल्ले पायांच्या बुडाशी, झुबक्यासारखे दिसतात. तिसरी कॅडिसफ्लायची अळी. ती वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती नळी बांधते. काही जाती नळी न करता दगडांच्या फटीत जाळं विणून वाहत येणारं अन्न अडवतात.

पण मेफ्लाय दिसलं म्हणजे पाणी स्वच्छ, असं लगेच म्हणू नका. दगडाला चपटं चिकटून आडवं सरकणारं पिल्लू हेप्टाजेनिडी कुळातलं असतं, आणि ते खरोखर नाजूक. मासोळीसारखं सुळकन पोहणारं बारीक पिल्लू बीटिडी कुळातलं, ते थोडी घाण सहज सोसतं. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी या गुणपद्धतीत जितकं कूळ नाजूक तितके गुण जास्त; पहिल्याला 10 गुण आहेत, दुसऱ्याला 4. जाळं विणणाऱ्या कॅडिसफ्लायच्या हायड्रोसायकिडी कुळाला 5, कायरोनोमिडी या डासासारख्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या कुळातल्या अळ्यांना 2 आणि गांडुळाच्या जातीच्या बारीक जंतांना 1. एका कुळाचा एकच हिशोब, मग त्याचा एक किडा मिळो की शंभर. यातली पहिली चार कुळं मिळाली, 10, 5, 4 आणि 2 गुणांची, तर बेरीज 21 आणि सरासरी सव्वापाच. मी सरासरीकडेच जास्त लक्ष देतो, कारण जास्त वेळ शोधलं की बेरीज आपोआप वाढते.

हा तक्ता इथे जसाच्या तसा लावू नका. त्यात चतुरांच्या लिबेल्युलिडी कुळाला 8 गुण दिले आहेत. आपल्याकडे गटारांवर आणि सांडपाण्याच्या तळ्यांवर उडणारा नारिंगी चतुर याच कुळातला, आणि त्याचं शास्त्रीय नावच ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी वेगळी जैविक पद्धत बसवली आहे, तिच्यात पाण्याच्या पाच श्रेणी आहेत. उलट बाजूने, स्टोनफ्लाय दक्षिण भारतात मुळातच थोड्या जातींचे आहेत, तेव्हा ते मिळाले नाहीत म्हणून ओढा बिघडला असं समजू नका.

बिघडलेल्या पाण्याची मंडळी ओळखायला सोपी. कायरोनोमिडी कुळातल्याच कायरोनोमसची अळी लालभडक असते, कारण तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि जेमतेम प्राणवायूवर तिचं भागतं. ट्युबिफेक्स, म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात माशांना खायला म्हणून मिळणारे लाल जंत, गाळात डोकं खुपसून शेपूट हलवत असतात. फायसा ही बाहेरून आलेली गोगलगायही अशाच पाण्यात फोफावते. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तिचं तोंड डावीकडे येतं.

पृष्ठभागावर धावणारे लांब पायांचे किडे, भोवऱ्यासारखे गरगरणारे काळे भुंगे आणि डासांच्या अळ्या या हिशोबात धरूच नका. ते वरच्या हवेवर श्वास घेतात, पाण्यात प्राणवायू किती आहे याच्याशी त्यांचं काही अडत नाही.

एकाच जागेवरून निष्कर्ष काढायचा मोह टाळा. वस्तीच्या वर एक आणि सांडपाणी मिळतं त्याच्या खाली एक, अशा सारख्याच खळाळाच्या दोन जागा त्याच दिवशी बघा. वर चपटे मेफ्लाय आणि नळीवाले कॅडिसफ्लाय असतील आणि खाली फक्त लाल अळ्या व जंत उरले असतील, तर मधे काय मिसळतंय ते शोधायला लागा.

एक गोष्ट शेतीच्या गावांत फार महत्त्वाची वाटते. पाणी नितळ, वास नाही, गोगलगाई आणि जंत मजेत आहेत, पण मेफ्लाय एकही नाही आणि झिंगे, खेकडेही गायब, असं चित्र दिसलं तर मला पहिली शंका कीटकनाशकाची येते. सांडपाण्याने प्राणवायू संपतो, कीटकनाशक थेट कीटकांना आणि कवचधाऱ्यांना मारतं आणि गोगलगाईंना बहुतेक वेळा सोडून देतं. वर कुठे फवारणीचे पंप धुतले जातात का, ते विचारून बघा.

हे पाणी प्यावं का, याचं उत्तर मात्र किडे देत नाहीत. गुरांच्या शेणातले जंतू मेफ्लायला त्रास देत नाहीत, नायट्रेटही त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठून नमुना तपासायला पाठवा. आणि ट्रेमधली पिल्लं परत सोडताना दगडही जसा होता तसाच, त्याच बाजूने ठेवा.